गोलाच्या मागची खिडकी

नेव्हिल थ्रेलफॉल दिसायला कसा होता ते क्लेगडेलमध्ये कुणालाही विचारा, सांगतील. मेव्हिसला मात्र विचारायचं तर त्याच्या पाठीबद्दल विचारावं. अठरा हंगाम तिनं ती पाठ पाहिली होती. खांदे जरा वर गेले की नेव्ह चिडलाय, मान खाली गेली की आता पुढं धावणार, आणि पाठ एकदम दगडासारखी स्थिर झाली की समोरचा गडी आता फटका मारणार. हे नेव्हच्या बायकोलासुद्धा इतकं माहीत नसेल, असं मेव्हिस स्वतःच सांगायची, तेही त्याच्या बायकोसमोर.

मेव्हिसची चहाची टपरी क्लेगडेल टाउन या फुटबॉल संघाच्या मैदानात गिरणीच्या बाजूच्या गोलामागं होती. बरोबर मागं, मधोमध, पायऱ्यांच्याही पुढं. कुणा शहाण्यानं ती तिथं बांधली देव जाणे, पण बांधली खरी. टपरीला दोन खिडक्या. एक पायऱ्यांकडं, गिऱ्हाइकांसाठी. दुसरी मैदानाकडं, ती खास मेव्हिससाठी. खेळ सुरू झाला की बाई गिऱ्हाइकांकडं पाठ करायची ती करायचीच. हात मागं करून चहा द्यायचा, खिमा भरलेली पाई द्यायची, आणि तोंड पुढच्या खिडकीतून बाहेर. तोंड म्हणजे काय सांगू! गिरणीत भोंगा होता तेव्हा लोक म्हणायचे, भोंगा बंद पडला तर मेव्हिसला छपरावर चढवा. पुढं गिरणी गेली, भोंगा गेला, मेव्हिस राहिली.

तिचा नवरा विल्फ, तो टपरीत शेजारी स्टुलावर बसायचा आणि सामनाभर एकच म्हणायचा, "अगं, जरा गप्प बस ना. त्या बिचाऱ्या गोलकीपरला खेळू दे."

"मी काय त्याचे पाय धरलेत? खेळू दे की!" म्हणायची आणि पुन्हा सुरू.

नेव्ह पहिल्यांदा आला तो कीपर म्हणून आलाच नव्हता. भिंतींना गिलावा करणारं पोरगं ते, राखीव संघात हौसेनं खेळणारं. मुख्य कीपरचा घोटा मोडला म्हणून उभा केला. पहिल्याच सामन्यात डझनावारी फटके अंगावर आले आणि बरेचसे आत गेले. मेव्हिस खिडकीतून ओरडली, "अरे गवंड्या, भिंत बांध भिंत!" सामना संपल्यावर पोरगं चिखलानं माखलेलं खिडकीशी आलं. म्हणालं, "चहा द्या. तीन चमचे साखर. आणि बाई, गवंडी नाही मी. गिलावा करतो."

तेव्हापासून तो चहा आणि ती साखर कधी चुकली नाही.

आणि मग त्या पोरानं जे केलं ते बघून माणसानं तोंडात बोट घालावं. कुठं खेळत होता तो? चौथ्या विभागात! इंग्लंडातल्या फुटबॉलच्या पार तळघरात. तिथं कीपरला कुणी विचारत नाही. गुडघाभर चिखल, जानेवारीत बर्फ, मागून शिव्या, वरून नाणी. उन्हाळ्यात खेळ बंद, पगार बेताचा, म्हणून हा पुन्हा थापी घेऊन लोकांची छतं करायला जाणार. मेव्हिसच्या स्वयंपाकघराचं छतही त्यानंच केलं होतं. हाताची बोटं इतक्यांदा मोडली की कप धरताना करंगळी भलतीकडंच जायची. एकदा जबडा मोडला तर पट्टी बांधून पुढच्या शनिवारी हजर. मेव्हिस त्याला नळीनं सूप पाजायची आणि म्हणायची, "बरं झालं, तेवढंच तुझं तोंड बंद." एका वर्षी कपच्या सामन्यात मोठ्या शहराचा मोठा संघ आला होता, झगमगते बूट घालून. नेव्हनं त्या दिवशी जे जे अडवलं ते आठवून म्हातारे अजून बोलता बोलता थांबतात. सामना हरलो, पण त्यांचा लाखमोलाचा गडी जाताना नेव्हचे हात उलटेपालटे करून बघत होता, आत काही लपवलंय का म्हणून. मोठ्या संघाचं बोलावणंही आलं होतं नंतर. हा गेला नाही. का, ते कुणाला सांगितलं नाही. म्हणाला, "इथं बरं दिसतं मला." आता या उत्तराचा काय अर्थ लावायचा?

त्याची एक सवय होती. खेळ सुरू होण्याआधी गोलाच्या बरोबर मध्यापासून पुढं टाचेनं एक रेघ ओढायचा. कीपरला मागं वळून बघता येत नाही ना. डोळे चेंडूवर, मग गोल कुठाय ते कळायला रेघ. जुने कीपर सगळेच ओढायचे, पंच काणाडोळा करायचे. नेव्हनं ती इतकी वर्षं एकाच जागी ओढली की तिथं गवत उगवायचंच बंद झालं. आणि एक गंमत. नेव्हनं गोल खाल्ले ते बहुतेक पलीकडच्या टोकाला. गिरणीच्या बाजूला असला की जणू कुलूपच. लोक म्हणायचे तिकडचा वारा वाईट. मेव्हिस म्हणायची, वारा बिरा काही नाही, तिकडं त्याला शिस्त लावायला मी नसते.

विल्फ गेला तेव्हा त्याची राख गोलाजवळ पुरावी अशी त्याची इच्छा होती. क्लेगडेलमध्ये ही रीतच आहे म्हणा ना, माळी टेड सांगतो की गवत चांगलं येतं ते उगाच नाही. पण विल्फसाठी टेडनं खणलं नाही. नेव्ह स्वतः थापी घेऊन आला. डाव्या खांबाच्या मुळाशी गवताचा चौकोनी तुकडा असा उचलला की जणू पुस्तकाचं पान उलटलं. राख ठेवली, तुकडा परत बसवला, वरून हात फिरवला. त्यानंतर प्रत्येक सामन्यात तो आधी डाव्या खांबाला हात लावायचा. "काय विल्फ, बरंय ना?" असं म्हणायचा आणि मग उभा राहायचा.

आणि अशा माणसाला गेल्या उन्हाळ्यात नव्या मॅनेजरनं खोलीत बोलावलं, हात मिळवला आणि घरी पाठवलं. म्हातारा झालास म्हणे. मेव्हिस आठवडाभर त्या मॅनेजरला गार चहा देत होती. नेव्ह पूर्वेला समुद्राकाठच्या मार्शबी संघाकडं गेला. तिकडं त्याची अवस्था काही बरी नव्हती. पेपरात यायचं, नेव्हिल थ्रेलफॉलची नजर मंदावली, अंदाज चुकतात. मेव्हिस ते वाचून पेपर पाईखाली घालायची.

इकडं क्लेगडेलची तर पुरती दैना. एकेक सामना हरत हरत संघ तळाला गेला. तळाशी राहील तो लीगमधून बाहेर, हा नियम. आणि लीगमधून बाहेर गेलो तर मैदान विकायचं, हे संचालकांनी आधीच सांगून टाकलं होतं. गिऱ्हाईकही ठरलं होतं. मोठं किराणा दुकान येणार, पुढं गाड्या लावायची जागा. मेव्हिसला लीगचं तसं काही नव्हतं. तिला दिसत होता डाव्या खांबाच्या जागी डांबर ओतणारा माणूस, आणि खाली तिचा विल्फ.

शेवटचा सामना जिंकला तरच संघ वाचणार होता. आणि सामना कुणाशी? मार्शबीशी! नशिबाची थट्टा म्हणतात ती हीच.

आठवडाभर गावात एकच बोलणं. मार्शबीला काय, ना वर जायचंय ना खाली. आणि गोलात कोण, तर आपला नेव्ह. पायऱ्यांवर नेहमी उभा राहणारा कसाई स्टॅन म्हणाला, "मेव्हिस, तो एखादा सोडेल गं. आपलाच आहे."

"सोडेल तर," मेव्हिस म्हणाली. "विल्फला त्यानंच ठेवलंय तिथं. त्याला कळत नाही होय?"

पण मनातून तिला खात्री नव्हती. अठरा हंगाम ती पाठ बघितली होती ना! ती पाठ कशी चेंडू सोडेल?

पहिल्या डावात नेव्ह पलीकडच्या टोकाला होता. तिकडं तो दोनदा चुकला, दोनदा चेंडू खांबाला लागून वाचला. लोक एकमेकांना कोपर मारत म्हणाले, बघ, सोडतोय. मेव्हिसला मात्र इतक्या लांबूनही कळलं की तो सोडत बिडत नव्हता. तो खरंच चाचपडत होता. अर्ध्या वेळेला गोल कुणाचाच नव्हता.

अर्ध्या वेळेला टेड माळी खड्डे बुजवायला यायचा आणि मेव्हिस त्याला गोलाशी चहा नेऊन द्यायची, ही जुनी पद्धत. त्या दिवशीही गेली. कप दिला आणि उभी राहिली. पायाशी नेव्हची जुनी रेघ होती, त्या सगळ्या वर्षांची. आता दुसऱ्या डावात तो इथं येणार, त्याच रेघेवर टाच फिरवणार.

मेव्हिसनं इकडंतिकडं बघितलं. मग त्या बाईनं काय करावं! बुटानं चिखल ओढून ती रेघ बुजवली, वरून गवताची दोन ढेकळं दाबली, आणि मैदानाकडं तोंड करून उजवीकडं दीड पाऊल सरकून टाचेनं नवी रेघ ओढली. चांगली खोल.

टेड कपात बघत होता. "साखर कमी झालीय आज," तो म्हणाला. "मी दुसरं काही बघितलं नाही."

"बघायला होतं काय?" मेव्हिस म्हणाली आणि परत निघाली. डाव्या खांबाकडं तिनं मुद्दाम बघितलं नाही.

दुसरा डाव सुरू व्हायला नेव्ह धावत गिरणीच्या बाजूला आला. पाहुणा कीपर आपल्या बाजूला आला की सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या, त्यानं हात वर करून वाजवायच्या, ही इकडची रीत. मग पुढं त्याला मनसोक्त शिव्या द्यायच्या, हीसुद्धा रीतच. पण त्या दिवशी टाळ्या थांबेनात. माणसं रडत होती. नेव्हनंही वाजवल्या. मग डाव्या खांबाला हात लावला, ओठ हलले. मग तो रेघेशी आला. क्षणभर खाली बघितलं. आणि टाचेनं तीच रेघ, मेव्हिसची रेघ, पुन्हा गिरवली.

"फसला!" मेव्हिस पुटपुटली. आनंद व्हायला हवा होता तिला. झाला नाही. मग ती अपराधी मन झाकायला जे करायची तेच तिनं केलं. ओरडायला लागली. "अरे नेव्ह, म्हाताऱ्या! घरी जा, छतं लिंप! डोळ्यांना दिसतं का रे? ए लंगड्या!" असं तोंड सोडलं की स्टॅनसुद्धा म्हणाला, "बाई, जरा दमानं."

आणि मग नेव्ह खेळला.

मी काय सांगू कसा खेळला. चाळिशीला टेकलेला माणूस तो, सकाळी अंथरुणातून उठताना खांदा धरून उठणारा. क्लेगडेलची पोरं जिवावर उदार होऊन तुटून पडली होती. खालून मारला, वरून मारला, दोन हातांवरून तोंडावर मारला. प्रत्येक वेळी तो तिथं. उडी घेऊन पोचला असं वाटायचंच नाही, आधीच तिथं असायचा. एक चेंडू तर त्यानं त्या मोडक्या करंगळीनं फिरवला, आणि बाजूच्या सगळ्यांच्या तोंडून एकाच वेळी असा आवाज निघाला की जणू देवळात नारळ फुटला. आपल्या संघाचं वाटोळं होतंय हे कळत होतं आणि डोळे हटत नव्हते. एक म्हातारा टोपी काढून हातात घेऊन उभा होता. मेव्हिसला रेघेचं काही कळेना. दीड पाऊल चुकीची रेघ, आणि हा माणूस सुईच्या टोकावर उभा असल्यासारखा मधोमध! तिच्या अंगावर काटा आला, आणि काटा आला म्हणून ती आणखी मोठ्यानं ओरडली.

शेवटच्या मिनिटाला कोपऱ्यावरून चेंडू आला. नेव्ह पुढं धावला, मुठीनं लांब मारला. तो नेमका क्लेगडेलच्या पोराच्या पायाशी पडला. पोरानं डोकं चालवलं. नेव्ह गोल सोडून पुढं आलाय हे बघून चेंडू अलगद वर उचलला, त्याच्या डोक्यावरून.

चेंडू वर गेला. उन्हात गेला. सगळी बाजू एकदम गप्प झाली. हजारो माणसं, आणि कुणी श्वास घेईना. नेव्ह तोंड वर करून मागं मागं पळू लागला. डोळे चेंडूवर, उन्हावर. गोल मागं कुठं, रेघ कुठं, बघायला सवडच नाही. आणि त्या शांततेत एकच आवाज होता, मेव्हिसचा. "आत! आत जा रे! आत! आत!" गळ्याच्या शिरा ताणून, दोन्ही हातांनी खिडकीची फळी बडवत.

ती पाठ तिच्याकडं येत होती. मोठी मोठी होत. सरळ, दोरी ओढून आणल्यासारखी, बरोबर तिच्याकडं. मग पाठ थांबली, खाली वाकली, आणि वर गेली. एवढी वर की मेव्हिसला त्याच्या बुटांचे तळ दिसले. बोटाच्या टोकानं चेंडूला नुसता धक्का लागला, चेंडू आडव्या दांडीला वरून घासून टपरीच्या छपरावर पडला, आणि नेव्ह जाळ्यात आडवा झाला.

शिट्टी वाजली. क्लेगडेल लीगमधून गेलं.

मग त्या टोपीवाल्या म्हाताऱ्यानं टाळी वाजवली, मग स्टॅननं, मग सगळ्यांनी. आपलं घर पाडणाऱ्या माणसासाठी गाव टाळ्या वाजवत होतं. दुसरं करणार तरी काय? असं काही माणसाच्या हातून पुन्हा होत नाही. मेव्हिसनं तेवढी खिडकी लावून घेतली.

मैदान रिकामं झाल्यावर खिडकीवर टकटक झाली. नेव्ह. कोट घातलेला, केस ओले.

"चहा आहे?"

मेव्हिसनं कप भरला. तीन चमचे घातले. कप ठेवताना निम्मा सांडला.

"मैदान विकायच्या आधी मी थापी घेऊन येतो," तो म्हणाला. "विल्फला काढून घेऊ. तू म्हणशील तिकडं नेऊ."

"एक सोडला असतास तर काढावं लागलं नसतं!" तिचा बांध फुटला. "एक! एवढे सगळे अडवलेस, एक सोडायला काय झालं होतं रे तुला, मेल्या?"

नेव्हनं कपावर फुंकर घातली. "आलो होतो तेव्हा अडवायचंच असं ठरवलं नव्हतं, मेव्हिस. खरंच सांगतो. पण चेंडू आला की हात जातो गं. मला सोडता येत नाही. शिकलोच नाही कधी."

मेव्हिस डोळे पुसत राहिली.

"रेघ तू ओढलीस ना?" तो म्हणाला.

तिनं फडकं उचललं आणि सांडलेला चहा पुसायला लागली.

"चांगली खोल ओढलीस. एवढ्या कष्टानं काढलीस, म्हटलं मान ठेवावा, म्हणून गिरवली."

"तुला कळलं होतं? कसं?"

"खाली बघितलं तेव्हाच ताजी ढेकळं दिसली. मग रेघेवर उभा राहिलो आणि तुझ्या शिव्या डाव्या कानात यायला लागल्या." तो हसला. "आपल्या गोलात उभं राहिलं की तू दोन्ही कानांत सारखी ऐकू येतेस. डावीकडं सरकत गेलो. दोन्हीकडं सारखी आलीस तिथं थांबलो."

मेव्हिसच्या हातातलं फडकं तसंच राहिलं.

"रेघ पलीकडच्या टोकासाठी होती गं, आणि बाहेरगावी. इथं मला रेघ कधी लागलीच नाही. तू मागं असलीस की गोल कुठाय, दांडी किती जवळ आलीय, सगळं कळायचं. इथून गेलो तर हे कुठं मिळणार होतं? मार्शबीत गोलामागं समुद्र आहे. नुसता वारा."

मेव्हिस बाकावर बसली. तिला सगळं एकदम दिसलं. पलीकडच्या टोकाचे गोल. मोठ्या संघाचं बोलावणं. आजचा तो शेवटचा चेंडू, आणि हजारोंच्या शांततेत एकटी तिची बोंब.

"आणि आज शेवटी," ती हळूच म्हणाली, "मी गप्प बसले असते तर?"

दुसरा कुणी असता तर खोटं बोलला असता. नेव्हला तेही येत नव्हतं.

"तर आत गेला असता," तो म्हणाला.

मग तिच्या तोंडून भलताच प्रश्न आला. "विल्फला माहीत होतं?"

"त्याला सांगितलं होतं मी. तो तुला सारखं गप्प बस म्हणायचा ना. एकदा बाजूला घेऊन म्हटलं, बाबा, तिला गप्प करू नकोस, मी आंधळा होईन. कुणाला सांगू नकोस म्हणालो, तिला तर मुळीच नको. मुद्दाम ओरडायला लागली तर सगळं बिघडेल."

मेव्हिसला आठवलं. शेवटी शेवटी कितीतरी वर्षं विल्फ तिला गप्प बस म्हणत नव्हता. नुसता स्टुलावर बसून, ती ओरडली की गालातल्या गालात हसायचा. तिला वाटायचं, कंटाळला मला. आता सांगायचंही सोडलं. किती रात्री तिनं त्या विचारात काढल्या होत्या! आणि तो तर ऐकत बसला होता, ती कीपरला उभं करतेय ते.

नेव्हनं कप ठेवला, कॉलर वर केली आणि निघाला. जाळ्याला वळसा घालून, डाव्या खांबाला हात लावून, मैदानातून तिरका खेळाडूंच्या दरवाजाकडं. आता हा कुठं खेळणार नव्हता, हे त्याच्या पाठीवरूनच तिला कळलं.

तिनं खिडकी सताड उघडली आणि होता नव्हता तेवढा आवाज काढून हाक मारली, "नेव्ह!"

तो थांबला. वळला नाही. तसाच पाठमोरा, मान किंचित कलती करून उभा राहिला. मग डावीकडं दोन पावलं सरकला, आणखी अर्धं पाऊल, आणि त्याची पाठ बरोबर तिच्या खिडकीसमोर आली.